चार महिने विटांवर

आत्या गाडीत बसली होती आणि उतरायला तयार नव्हती.

“पाच मिनिटं,” ती म्हणाली.

“हे तू पाऊण तासापूर्वी म्हणालीस.”

“ती पाच मिनिटं वेगळी होती.”

नबीलाल मिस्त्री शेडच्या दाराशी विटांच्या ढिगावर बसून बिडी ओढत होता. त्या विटा गाडीखाली जायच्या होत्या. गाडी त्यांवर चढवायची, चाकं अधांतरी ठेवायची, बॅटरी काढून घ्यायची, सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबायचं, डांबरगोळ्या पसरायच्या आणि दसऱ्यापर्यंत तिला शेडमधून हलवायचं नाही, अशी सगळी योजना मी पुण्याहून कागदावर उतरवून आणली होती. योजनेत एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे आत्याला गाडीतून उतरवणं.

हे महाबळेश्वरातलं, एक्क्याण्णव सालच्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातलं. त्या दिवसांत सगळं गाव पावसाच्या तयारीला लागतं. भिंतींना झडी बांधतात. झडी म्हणजे वाळक्या गवताच्या जाड तट्ट्या. बंगल्यांना, दुकानांना, देवळांना, सगळ्यांना त्या गुंडाळतात. जूनमध्ये गावात शिरलं तर घरं कुठे गेली आणि एवढ्या गवताच्या गंज्या कुणी रचल्या, असं नवख्याला वाटावं. मला ही पद्धत फार आवडायची. मी विमा कंपनीत सर्व्हेअर होतो. ठोकलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्या बघणं हा माझा धंदा. वस्तू आधीच गुंडाळून ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला साहजिकच आदर होता.

आत्या म्हणजे दमयंती टिपणीस. पाचगणीच्या एका मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं खेळाच्या बाई. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर महाबळेश्वरला जाल बिलिमोरिया नावाच्या पारशी गृहस्थांच्या बंगल्याच्या आउटहाऊसमध्ये राहायला आली, आणि चार वर्षांनी जालकाका गेले तेव्हा त्यांची गाडी तिला देऊन गेले. गडद हिरवी, दोन सीटची, उघड्या टपाची, पन्नास-साठच्या दरम्यानची विलायती गाडी. जमिनीपासून वीतभर उंच. एका पुरुषानं एका बाईला अशी गाडी का द्यावी, याबद्दल आमच्या नात्यात दोन मतं होती. दोन्ही वाईट होती.

आत्याला त्यातलं एकही ठाऊक नव्हतं, किंवा दोन्ही ठाऊक होती. ती सहासष्टाव्या वर्षी बारा महिने ती गाडी चालवायची. पावसातसुद्धा. वर कॅनव्हासचा टप होता, तो गळायचा. वायपर दोन होते, त्यातला एक हलायचा. आत्या मांडीवर टॉवेल घेऊन बसायची. उजव्या हातानं स्टिअरिंग आणि डाव्या हातानं आतून काच पुसायची. गिअर बदलायचा झाला की काच तशीच राहायची.

“साहेब, एक बोलू का?” नबीलाल म्हणाला.

“बोला.”

“गाडी काय लोणचं हाय व्हय, बरणीत घालून तोंडाला फडकं बांधायला?”

“नबीलाल, इथं अडीचशे इंच पाऊस पडतो.”

“पडतोय की. माझ्या जन्माच्या आदीपासनं पडतोय. बाई गेल्या पावसाळ्यात गाडी चालवतच हुत्या न्हवं?”

“टप गळतो. खालचा पत्रा गंजत चाललाय.”

“गंजू द्या की वाईच. मी हाय, पत्रा मारतो. पर गाडी रोज धा मिन्टं फिरली पायजे. उभी गाडी आजारी पडती.”

“टप गळला तर छत्री आहे,” आत्या गाडीतून म्हणाली. “नाही, छत्री नको. छत्री करून बघितली मी. टॉवेलच बरा.”

मी खिशातून कागद काढला. ऑफिसच्या टाइपरायटरवर तीन प्रतींत टाइप केलेल्या अकरा सूचना. एक प्रत शेडच्या भिंतीला लावायची, एक आत्याला, एक माझ्या फायलीला. पेट्रोल काढून टाकावे. टायरला माती लागू देऊ नये. इंजिन मध्येच सुरू करू नये, असं सगळं. चौथी सूचना अशी होती: शेडमधील दमटपणा जाण्यासाठी रोज किमान दोन तास कोळशाची शेगडी पेटती ठेवावी. पाचवी: शेडला गवताच्या झडी असल्यामुळे शेगडी पेटती असेपर्यंत जबाबदार व्यक्तीने जवळ बसून राहावे. या पाचव्या सूचनेचा मला विशेष अभिमान होता. आदल्याच वर्षी भोरला शेगडीपायी जळालेल्या एका गॅरेजचा पंचनामा मी केला होता.

आत्यानं कागद हातभर लांब धरून वाचला. चष्मा तिला आवडायचा नाही.

“जबाबदार व्यक्ती म्हणजे कोण?”

“म्हणजे तूच.”

“बरं झालं सांगितलंस. मला वाटलं घोडा.”

घोड्याचा विषय तिनं काढला हे बरंच झालं, कारण मी तोच काढणार होतो. एप्रिलमध्ये वेण्णा तलावाच्या वळणावर एका घोड्याला वाट देताना आत्यानं गाडी कठड्याला घासली होती. घोडा सुखरूप, आत्या सुखरूप, मडगार्डवर हातभर ओरखडा. ही बातमी पुण्यात पोचेपर्यंत घोडा मेला होता आणि आत्याच्या दोन फासळ्या मोडल्या होत्या. मी टेप घेऊन ओरखडा मोजायला आलो, आणि परत जाऊन घरी सगळ्यांना सांगितलं की आत्याचं आता काही खरं नाही, पावसाळ्यात तिला घाटात गाडी चालवू देणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. घरी मी आत्याची काळजी सांगितली. आत्याला गाडीची काळजी सांगितली. ज्याला जी पटेल ती.

“आणि गुरुवारचं काय?” आत्या म्हणाली.

गुरुवारी ती पाचगणीला तिच्या जुन्या शाळेत जायची. मुलींना बास्केटबॉल शिकवायला. कुणी बोलावलं नव्हतं. निवृत्तीच्या पुढच्याच गुरुवारी ती नेहमीसारखी जाऊन उभी राहिली होती आणि तिला नाही म्हणायची हिंमत मुख्याध्यापिकेला झाली नव्हती. मुख्याध्यापिका तिचीच विद्यार्थिनी होती.

“एसटीनं जा.”

“एसटी साडेतीनला पोचते. प्रॅक्टिस तीनला असते.”

“मग अर्धा तास उशिरा सुरू कर.”

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. “बत्तीस वर्षं मी उशिरा येणाऱ्या पोरींना मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्यात, मुकुंदा. आता मी मारू?”

“चारच महिन्यांचा प्रश्न आहे.”

“आणि पोरी वाट बघतात रे. माझी नाही, हिची. गेटातनं आवाज आला की सगळ्या कुंपणाला लटकतात. एसटीतनं उतरलेल्या म्हातारीचं कोण ऐकणार? शिट्टी फुंकून मरेन मी.”

नबीलालनं बिडी विझवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू निकालच लागला.

तेव्हा मी ते वाक्य बोललो. ते मी पुण्याहूनच तयार करून आणलं होतं. वाईपर्यंत एसटीत त्याची उजळणी केली होती, आणि पसरणी घाट चढताना ठरवलं होतं की अगदी गरज पडली तरच वापरायचं.

“आत्या, जालकाकांनी गाडी तुझ्या हाती दिली ती गंजवून टाकायला नाही.”

आत्यानं गाडी बंद होती तरी हँडब्रेक तपासला, गिअर न्यूट्रलला आहे का पाहिलं, टॉवेलची घडी घातली. मग दाराच्या कडेवर हात टेकून, दार न उघडता, एक पाय बाहेर, दुसरा पाय बाहेर, अशी ती उतरली. तिची उतरायची हीच पद्धत होती. शाळेतल्या मुली म्हणे याची नक्कल करायला जायच्या आणि ढोपरं फोडून घ्यायच्या.

“घाल विटा,” ती नबीलालला म्हणाली.

दुपारपर्यंत काम झालं. गाडी विटांवर अधांतरी, अंगावर दोन चादरी, त्यावर ताडपत्री. बाहेरून झडी. मी भिंतीला सूचनांचा कागद चिकटवला आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिला. फार छान दिसत होता. आयुष्यात एक काम तरी मी पूर्ण आणि निर्दोष केलं, असं मला वाटलं. तसं ते झालंही होतं, आणि तीच पुढची अडचण.

पावसाळ्यात मी वर गेलो नाही. घाटात दरडी पडत होत्या, ऑफिसात पुरात बुडालेल्या ट्रकांचे ढीग होते, आणि कारणं लागतात तेवढी मिळत गेली. आत्याची दर पंधरा दिवसांनी पोस्टकार्डं यायची. “गाडी ठीक. मीही ठीक. शेगडी रोज चालू आहे.” दुसरं: “गाडी कोरडी. उंदीर नाही. मीही ठीक.” ऑगस्टमध्ये एक आलं: “गाडी उत्तम. शाळेत नवी बाई नेमली आहे, तरुण आहे, गुरुवारीही तीच घेते. सूचना क्र. ७ मध्ये डांबरगोळ्या किती दिवसांनी बदलायच्या ते लिहिलेलं नाही.” मी लगेच उत्तर पाठवलं. एकवीस दिवसांनी, असं. बाकीच्या मजकुराला उत्तर द्यायचं राहून गेलं. तिच्या पोस्टकार्डातलं पहिलं वाक्य वाचलं की माझं समाधान व्हायचं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी वर गेलो. झेंडूच्या माळा पुण्याहून घेऊन गेलो होतो, उगीच ऐनवेळी मिळाल्या नाहीत तर. नबीलाल आधीच आला होता आणि शेडच्या झडी उतरवून ठेवल्या होत्या.

“बाई कुठायत?” मी विचारलं.

“येतायत. येळ लागतो आता.”

“का? काय झालं?”

नबीलालनं गुळमुळीत काहीतरी म्हटलं आणि ताडपत्री ओढायला लागला. तेवढ्यात आउटहाऊसचं दार उघडलं. आत्या एक हात भिंतीला लावून पायऱ्या उतरत होती. तीन पायऱ्या. दर पायरीवर दोन्ही पाय टेकत, लहान मूल उतरतं तशी.

“हॅपी दसरा,” ती म्हणाली. ती नेहमी असंच म्हणायची. “माळा आणल्यास? शाबास.”

“आत्या, गुडघ्यांना काय झालं?”

“वय झालं. गेल्या वर्षी व्हायचं राहिलं होतं.”

“डॉक्टर?”

“बघून गेला. मला म्हणाला, बाई, तुम्ही दमट जागी तासन्‌तास बुटक्या स्टुलावर कशाला बसत होता?” तिनं भिंतीवरच्या कागदाकडे हात केला. “मी म्हटलं, सूचना क्रमांक पाच.”

मला वाटलं ती थट्टा करते आहे. नबीलाल ताडपत्रीची घडी घालत होता. त्यानं वर न बघता सांगितलं. दोन तास नव्हे. जुलैमध्ये दोन तासांत शेड कोरडी होईना, म्हणून बाईंनी चार तास केले. मग पाच. दुपारी शेगडी पेटवायची आणि समोर स्टूल टाकून बसायचं. जमिनीतून पाणी पाझरायचं, पाय ओले. शेगडी बाईंकडं एकच होती. ती शेडमध्ये, घर सगळं गारठलेलं. गुरुवारी दोनदा एसटीनं जाऊन आल्या, मग गेल्या नाहीत, कारण शेगडीपाशी कोण बसणार.

“मी म्हनलं बाई, मी बसतो,” नबीलाल म्हणाला. “तर म्हनल्या, तू बिडी ओढतोस, तू जबाबदार व्यक्ती न्हाईस.”

“मला कळवायचं नाही का?” मी म्हणालो. आवाज जरा चढलाच.

“काय कळवायचं? गाडी ठीक होती की,” आत्या म्हणाली. तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. खेळाच्या बाई ना ती. नियम छापील असला की तो पाळायचा आणि मग दमलो म्हणायचं नाही, हे तिनं दीड हजार मुलींना शिकवलं होतं. मला हे माहीत होतं. म्हणून तर मी सूचना टाइप करून आणल्या होत्या. तोंडी सांगितलं असतं तर तिनं एक ऐकलं नसतं.

गाडी उघडली. मी इतकी सुंदर गाडी कधी पाहिलेली नाही. हिरव्या रंगावर एक डाग नाही, चामड्याला बुरशी नाही, खालच्या पत्र्यावर गंजाचा नवा ठिपका नाही. नबीलालनं चाकं खाली टेकवली, बॅटरी जोडली, पेट्रोल घातलं, बटण दाबलं. दुसऱ्या दाबाला इंजिन सुरू झालं. नबीलालनं माझ्याकडे बघून मान हलवली. तो हरला होता, पण त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं, वाईट दुसऱ्याच कशाचं वाटत होतं.

हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, माळ घातली. आत्यानं गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच ठेवला. मग नबीलालला म्हणाली, “दार उघड रे.”

त्यानं दार उघडलं. ती पाठमोरी वळून, मग खाली बसून, मग एकेक पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेऊन, अशी गाडीत शिरली. आम्ही दोघं दुसरीकडे बघत होतो. ती आत बसली, सीट सारखी केली, टॉवेल मांडीवर घेतला. आभाळ स्वच्छ होतं, तरीही घेतला. मग तिनं डावा पाय क्लचवर ठेवला आणि दाबला.

क्लच खाली गेला नाही.

त्या जुन्या गाडीचा क्लच होताच कडक. तिनं पुन्हा दाबला. अर्ध्यावर गेला आणि गुडघा थरथरायला लागला. तिसऱ्यांदा तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, पाठ सीटला रेटली आणि सगळं अंग पायात आणलं. गिअर अडकल्याचा एक खरखर आवाज आला आणि पाय वर आला.

इंजिन छान, एका लयीत चालू होतं.

“नबीलाल, क्लच तेलपाणी करायचा राहिला का रे?” आत्या म्हणाली.

“व्हय बाई,” नबीलाल म्हणाला. “माझ्याकडनंच राहिलं.”

क्लचला सकाळीच तेल घातलेलं मी पाहिलं होतं.

मग आत्या गाडीतल्या गाडीत, गिअरच्या दांड्यावरून एकेक पाय हातानं पलीकडे ठेवत, डावीकडच्या सीटवर सरकली. तेवढ्याला बराच वेळ लागला. “चल,” ती मला म्हणाली. “दसऱ्याला गाडी बाहेर काढली नाही तर बरं दिसत नाही.”

मी गाडीत बसलो. त्या सीटवर मी आयुष्यात पहिल्यांदाच बसत होतो. आता एक गोष्ट सांगून टाकतो, तीस वर्षं झाली. एप्रिलमध्ये मी तो ओरखडा मोजायला आलो होतो, तेव्हा चहा पिताना आत्या सहज म्हणाली होती, “माझ्यानंतर ही तुझीच हं, मुकुंदा. बाकी कुणाला हिच्यात बसताही यायचं नाही.” तोपर्यंत तो ओरखडा आत्याच्या गाडीवर होता. चहा संपला तेव्हा तो माझ्या गाडीवर होता. त्यानंतर मला तिचा गळका टप दिसायला लागला, पत्र्याचा गंज दिसायला लागला, आत्या ओल्या रस्त्यावर किती वेगानं वळते ते दिसायला लागलं. पसरणी घाटात एसटीच्या खिडकीपाशी बसून मी जे वाक्य घोकत होतो, त्यात जालकाकांचं फक्त नाव होतं.

पुढे सहा वर्षांनी गाडी माझ्याकडे आली. आजही आहे, पुण्यात, आच्छादनाखाली. जे येतात ते म्हणतात, काय ठेवलीय हो गाडी.

त्या दिवशी आम्ही पाचगणीच्या रस्त्याला लागलो. मी तीसच्या वर गेलो नाही. आत्या “तिसरा टाक” म्हणाली की तिसरा टाकत होतो. शाळेच्या गेटापाशी आलो तशी ती म्हणाली, “थांब जरा.” सुट्टीला घरी न गेलेल्या आठ-दहा मुली मैदानावर होत्या. आवाज ऐकून त्या कुंपणाकडे धावत आल्या.

“टिपणीसबाई! बाई, उतरा ना.”

“आज नाही गं. आज ड्रायव्हर आणलाय.”

“बाई, गुरुवारी याल ना?”

“नवीन बाई शिकवतात ना चांगलं?”

“शिकवतात. पण त्या चालत येतात.”

आत्या हसली. “मग तुम्ही पळत जा. चला, चार फेऱ्या.” मुली ओरडत, कुरकुरत पळाल्या. त्या लांबच्या टोकाला वळेपर्यंत आत्या त्यांच्याकडे बघत होती. मी गाडी गिअरमध्येच ठेवली होती, क्लच दाबून, केव्हाही निघता यावं म्हणून.

“मुकुंदा, खरं सांग,” ती म्हणाली. “तुला काळजी माझी वाटत होती का गाडीची?”

“तुझी,” मी म्हणालो.

ती प्रश्न पुरा करायच्या आतच मी म्हणालो होतो. माझ्या धंद्यात असं लगेच उत्तर देणाऱ्याचा क्लेम मी कधी मंजूर केला नव्हता.

आत्यानं मान डोलावली. मांडीवरचा टॉवेल उलगडला, पुन्हा घडी घातली. मग माझ्या डाव्या गुडघ्यावर हलकेच थापटलं.

“क्लचवरनं पाय काढ,” ती म्हणाली. “नुसतं दाबून बसू नये. झिजतो.”